बूड, सीट आणि मधलं अस्तर

सायकलवाले एकत्र जमले की गिअरवर बोलतात, टायरमधल्या हवेवरून तावातावाने भांडतात, कुणाची सायकल किती ग्रॅमने हलकी यावर तास घालवतात. ज्या जागेवर सगळा भार टाकून बसायचं, तिच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. लांब पल्ल्याच्या राइडमधला एखादा थांबा नीट बघा. बसायला बाक असतो, कठडा असतो, आणि निम्मी मंडळी उभीच असतात. कुणी हँडलवर रेललेलं, कुणी पाय फाकवून उगाचच दूरवर बघत असलेलं. "बसा की जरा," म्हटलं तर उत्तर येतं, "नको, पाय मोकळे करतोय." पायांना काहीही झालेलं नसतं.

या संकोचाची मला मजाच वाटली असती. पण त्यापायी नव्याने सायकल चालवू लागलेला माणूस आपल्यालाच काहीतरी भलतं झालंय असं समजून गप्प राहतो, आणि बघता बघता त्याची सायकल भिंतीला टेकून धूळ खायला लागते. फार तर कुणीतरी हळूच कानात सांगतं, "पॅडवाली शॉर्ट्स घे." कसली, का, कशी बघून, यातलं काही सांगत नाही. मग तो जातो आणि सगळ्यात जाड पॅड असलेली उचलून आणतो. जाडी हा त्या शॉर्ट्सचा सगळ्यात कमी महत्त्वाचा गुण आहे, असं माझं मत आहे आणि ते आता बदलेल असं वाटत नाही.

दुखतं म्हणजे नेमकं काय दुखतं, इथून सुरुवात करावी लागेल. कडक खुर्चीवर बसा, दोन्ही हातांचे तळवे वर करून बुडाखाली सरकवा आणि जरा डावी-उजवीकडे डोला. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. डॉक्टर त्यांना इश्चियल ट्युबरॉसिटी म्हणतात, सायकलवाले सिट बोन्स. दोन्हींमधलं अंतर माणसागणिक वेगळं, ढोबळमानाने 10 ते 14 सेंटिमीटर, बायकांचं सरासरीने थोडं जास्त. बसल्यावर भार याच हाडांवर पडायला हवा. नव्या माणसाची पहिल्यांदा दुखतात ती हीच, आणि काही आठवडे थोडं थोडं नियमित चालवलं की तिथल्या भागाला सवय होऊन जाते. या दुखण्याने कुणाचं वाईट होत नाही. त्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं आणि त्याच्याच भरवशावर जाड पॅड खपतात, हा भाग वेगळा.

खरा त्रास कातडीचा. साध्या भाषेत, काचणं. पायडल मिनिटाला 80 फेरे घेत असेल तर तासाला 4,800 फेरे होतात आणि पाच तासांच्या राइडमध्ये 24,000. दर फेऱ्याला मांडीची आतली बाजू सीटच्या नाकाला, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाला, लागून खाली जाते आणि वर येते. वर घाम. ओली कातडी मऊ पडते, फुगते, आणि कोरड्या कातडीवरून जे कापड सरकून गेलं असतं ते ओल्या कातडीला धरून ओढतं. वरचा थर हळूहळू खरवडला जातो, केसांच्या मुळांची तोंडं सुजतात आणि एरवी कातडीवर निमूटपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू आत शिरतात. सुरुवात लालसर पुरळाने होते, मग केसतोड, आणि त्याच्यावर बसून आणखी चार दिवस सायकल हाणली तर गळू.

म्हणजे शॉर्ट्सकडून खरी अपेक्षा अशी: कातडीवर काहीही घासू नये, घाम तिथे साचू नये, आणि हाडांच्या खाली जे काही आहे ते तिथून हलू नये. मऊपणा यानंतर येतो. खरं तर मऊपणा जास्त झाला तर उलटाच परिणाम होतो. लुसलुशीत गादीवर झोपलं की सकाळी पाठ धरते, त्यातलाच हा प्रकार. मऊ फोममध्ये हाडं रुतून तळाला टेकतात आणि दोन हाडांच्या मधला फोम फुगून वर येतो. ज्या नाजूक भागावर भार यायला नको, नेमका तिथेच दाब येतो. दुकानात हात लावून बघताना स्वर्गसुख वाटणारं पॅड तिसऱ्या तासाला असं वैर काढतं.

पॅड बघायची रीत अगदी सोपी आहे. शॉर्ट्स उलटी करायची. पॅड मागून-पुढून चिमटीत धरायचं, अंगठा आत आणि तर्जनी बाहेर, आणि जिथे सिट बोन येईल तिथे जोरात दाबायचं. अंगठ्याला पलीकडची तर्जनी लागली तर त्या फोममध्ये दम नाही, मग तो कितीही जाड असो. चांगला फोम दबतो, पण एका मर्यादेनंतर अडतो आणि सोडल्यावर लगेच मूळ आकारात येतो. उत्पादक फोमची घनता दर घनमीटरला किती किलो अशी सांगतात. 60 ते 80 च्या आसपासचा फोम तासा-दोन तासांच्या फेरीला पुरतो, दिवसभराच्या राइडसाठी 120 किंवा त्याच्या वरचा बघावा. चांगल्या पॅडमध्ये सगळीकडे एकच घनता नसते. हाडांखाली घट्ट, कडेला पातळ होत होत कापडात मिसळून गेलेला, आणि मधोमध बहुधा एक खोलगट पट्टा. आता बोट पॅडच्या कडेवरून फिरवा. बोट कुठे अडलं, पायरी लागली, टाक्यांची गाठ लागली, तर ती जागा लक्षात ठेवा. 24,000 फेऱ्यांमध्ये तुमच्या जांघेलाही ती सापडणारच आहे.

पॅडच्या कोपऱ्यात बऱ्याचदा एक छोटासा छाप असतो, तोही वाचावा. बरेच ब्रँड पॅड स्वतः बनवत नाहीत, विकत घेतात. सायटेक या इटालियन कंपनीचे इलॅस्टिक इंटरफेस नावाचे पॅड कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडच्या शॉर्ट्समध्ये शिवलेले असतात. मांडीवरचं मोठं नाव निराळं, किंमत निराळी, आतला ऐवज एकाच कारखान्यातला. अर्थात त्या एका कारखान्यातही साध्यापासून उत्तमपर्यंत अनेक प्रती निघतात, आणि तेच पॅड एकीकडे नीट शिवलेलं असतं तर दुसरीकडे तिरकं. तरी मांडीवरच्या नावापेक्षा आतल्या छापावर मी जास्त विश्वास ठेवते.

या पॅडला जुने सायकलवाले अजूनही शॅमी म्हणतात. पूर्वी तिथे फोम नसायचा, आल्प्समधल्या शॅमॉय या बकरीसारख्या डोंगरी प्राण्याचं कमावलेलं कातडं लोकरी चड्डीत शिवलेलं असायचं. ते उशी म्हणून नव्हतंच. लोकरी शिवणी अंगाला लागू नयेत आणि घाम टिपला जावा, एवढंच त्याचं काम. धुतलं की ते वाळून कडक व्हायचं, म्हणून घालायच्या आधी त्याला मलम चोळून मऊ करावं लागे. आज बाटलीत मिळणारं शॅमी क्रीम त्याचाच वंशज. आधी ते चामड्यासाठी होतं, आता आपल्या कातडीसाठी. ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 साली स्पँडेक्सचा धागा तयार केला, तोच पुढे लायक्रा नावाने प्रसिद्ध झाला आणि 1970 च्या दशकात सायकलच्या चड्डीत शिरला. माझ्या मते शॅमीच्या जागी फोम येण्यापेक्षा हा बदल मोठा होता. लोकरीची चड्डी घामाने आणि पावसाने जड होऊन ओघळायची, आतलं कातडं जागचं हलायचं. लायक्राची शॉर्ट्स मात्र अंगाला धरून राहते, आणि पॅड हाडांखाली टिकतं ते या धरून राहण्यामुळे. बिचाऱ्या लायक्राची लोक चेष्टा करतात. गोल पोटावर ती शोभून दिसत नाही हे मान्य आहे. पण सैल चड्डीत शिवलेलं पॅड म्हणजे पॅड नसल्यात जमा. डोंगरवाटांवर सायकल चालवणारे वरून ढगळ शॉर्ट्स घालतात, त्यांच्याही आत पॅडवाला घट्ट लायनर असतोच.

आणि त्या लायनरच्या किंवा शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही. यावर नवा माणूस हमखास अडखळतो. माझा भाचा पहिली शॉर्ट्स घेऊन आला तेव्हा आमच्यात झालेला संवाद:

"मावशी, आत काय घालायचं?"

"काही नाही."

"म्हणजे अगदीच?"

"अगदीच."

"तू पण?"

"मी पण, आणि तू ज्यांचे फोटो बघत बसतोस ते सगळे रेसरसुद्धा. आता हा विषय संपला."

विषय तिथे संपला, पण कारण सांगायला हवं. आतल्या चड्डीच्या शिवणी नेमक्या जांघेत येतात, जिथे पॅड बनवणाऱ्याने जिवाचं रान करून शिवण टाळलेली असते. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, त्यामुळे पॅडच्या वरच्या थराला घाम बाहेर काढायची संधीच मिळत नाही. आणि दोन कापडं आली की ती एकमेकांवर सरकतात, त्यांची चुणी पडते. एक चुणी पुरे होते.

ट्रायल रूमच्या आरशात सायकलची शॉर्ट्स कधीच बरी दिसत नाही, आणि माझी त्याला हरकत नाही. ताठ उभं राहिलं की ती मागे फुगलेली, पुढे ओढलेली, खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट्स असेल तर तिथेही ताणलेली वाटते. ती वाकून बसलेल्या शरीरासाठी बेतलेली असते, म्हणून बघायचीही वाकूनच. एक पाय स्टुलावर ठेवा, कंबरेतून पुढे झुका, हात समोर हँडलवर असल्यासारखे धरा. आता ओढ गेली पाहिजे. पॅड आणि जांघ यांच्यात बोट जाईल इतकी पोकळी राहिली तर एक माप खाली उतरा. लायक्रा वापराने थोडी सैल होते, त्यामुळे नवी असतानाच "मोकळी" वाटणारी शॉर्ट्स पुढे झोळ देणार हे नक्की. मांडीवरची पट्टी वर सरकता कामा नये, कारण ती सरकली की पॅडही जागचं हलतं. पण मांडीला करकोचा पडत असेल तर ती पट्टी दिवसभर सोसवणार नाही. रुंद पट्टी आणि आतून बारीक सिलिकॉनचे ठिपके, हे मला सगळ्यात मानवतं. कापडाच्या चार, सहा, आठ तुकड्यांच्या शॉर्ट्स मिळतात. जास्त तुकडे असले की शरीराची वळणं नीट धरता येतात, असा हिशेब असतो. पण तुकडे वाढले की शिवणीही वाढतात. शिवणी चपट्या आहेत का, एवढं नखाने तपासलं तरी भागतं.

कसं बसून चालवता, हे पॅडच्या आकाराशी फार जवळून जोडलेलं आहे आणि दुकानात कुणी विचारत नाही. ताठ बसून आरामात चालवणाऱ्याचा भार सिट बोन्सच्या मागच्या भागावर असतो. त्याला मागे रुंद, मागेच भरीव असलेलं पॅड हवं. रोड बाइकवर खाली वाकलं की कंबर पुढे कलते आणि भार हाडांच्या पुढे निमुळत्या होत गेलेल्या भागावर सरकतो, म्हणून त्या पॅडची भर पुढे आणलेली असते. ट्रायथलॉनवाल्यांचं पॅड आणखी निराळं, अगदी पातळ. त्यांना त्याच कपड्यात पोहायचं आणि धावायचंही असतं. जाड पॅड पाणी पिऊन बसलं तर धावताना शोभा होईल. कुणा रेसरची शॉर्ट्स उत्तम असेल, पण ती कंबरेतून काटकोनात वाकणाऱ्यासाठी उत्तम आहे. ताठ हँडलच्या सायकलवर तिचं अर्धं पॅड कामालाच येत नाही.

बायकांचं पॅड वेगळं असतं, असायला हवं. मागे जास्त रुंद, पुढे आखूड, आणि मधोमध उभी शिवण अजिबात नको. हे लिहिताना माझा सूर जरा तापणार आहे. दुकानात "युनिसेक्स" लिहिलेली शॉर्ट्स म्हणजे पुरुषांची शॉर्ट्स, हे मी पुरेशा वेळा उलटून बघितलेलं आहे. छोटं माप आणि वर जांभळी पट्टी, एवढ्याने पॅडचा आकार बदलत नाही. पुढचा जाड लांबुळका भाग ज्या शरीरासाठी आहे ते माझं नाही, तर तो जाडपणा माझ्या कुठल्या जागी दाबतो याचा विचार कुणी तरी करायला हवा होता. आता बऱ्याच ठिकाणी तो केला जातो, हेही खरं.

बिबचंही तसंच. खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट्स साध्यापेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. कंबरेला इलॅस्टिक नाही, त्यामुळे वाकल्यावर पोट कापत नाही, आणि पट्टे वरून धरून ठेवतात म्हणून पॅड दिवसभर जागचं हलत नाही. प्रश्न येतो लघवीला जायचं असतं तेव्हा. पुरुषांचं भागतं. बाईला आधी जॅकेट, मग जर्सी, मग पट्टे, असं सगळं उतरवायचं, आणि तेही स्वच्छतागृहाची फरशी कशी आहे यावर एक डोळा ठेवून. परिणामी कित्येक जणी पाणी कमी पितात. शॉर्ट्सपायी पाणी कमी प्यायचं, हा सौदा कुणी करू नये. मागच्या मागे खाली ओढता येणारे पट्टे, गळ्याशी चुंबकाचं बक्कल, असे पर्याय निघालेत. काही चांगले चालतात, काही ठिकाणी ते बक्कलच टोचतं. ते जमत नसेल तर रुंद, उंच कंबरेची साधी शॉर्ट्स घ्यावी आणि खुशाल घ्यावी.

उत्तम कपडे, मालिशवाले, डॉक्टर, सगळं दिमतीला असलेल्या रेसरांनाही हे दुखणं चुकलेलं नाही. आयर्लंडचा शॉन केली 1987 च्या व्हुएल्टा आ एस्पान्या या स्पेनमधल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होता, शर्यत संपायला मोजके दिवस उरले होते, आणि सीटच्या जागी झालेल्या गळवामुळे त्याला सायकलवरून उतरावं लागलं. पुढच्या वर्षी येऊन त्याने तीच शर्यत जिंकली. 1989 च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी फ्रान्सचा लोराँ फिन्यों 50 सेकंदांनी पुढे होता. उरलं होतं फक्त 24.5 किलोमीटरचं, घड्याळाशी स्पर्धा करत एकट्याने सायकलवर कापायचं अंतर. त्याच जागी फोड आलेला होता, बसणंही मुश्कील. तो 8 सेकंदांनी हरला. जिंकलेल्या अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने त्या दिवशी वारा कापणारे हँडल आणि तसंच हेल्मेट वापरलं होतं, त्यामुळे सगळं खापर फोडावर फोडता येत नाही. पण तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल 8 सेकंदांवर लागतो तेव्हा कशाकशाने किती सेकंद खाल्ले हे कोण सांगणार.

म्हणून मला शॉर्ट्सच्या गुणगानात सीटला विसरायचं नाही. सीट जास्त उंच असेल तर पायडल तळाला नेताना पाय पुरत नाही. मग कंबर दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलते आणि दोन्ही जांघा सीटवर पुसल्यासारख्या घासल्या जातात. मागून येणाऱ्याला हे झुलणं स्पष्ट दिसतं, चालवणाऱ्याला कळत नाही. एकाच बाजूला फोड येत असेल तर बसणं तिरकं आहे किंवा एका पायाला दुसऱ्यापेक्षा जास्त ताणावं लागतंय, हे आधी तपासावं. सीटचं नाक वर असेल तर मधे दाब येतो, खाली असेल तर माणूस पुढे घसरत राहतो आणि दर दोन मिनिटांनी मागे सरकतो. त्या सरकण्यात कातडी सोलते. रुंदी हाडांच्या अंतराशी जुळायला हवी. हे जमलेलं नसेल तर शॉर्ट्सवर केलेला खर्च वाया जातो. वरून जेलचं कव्हर चढवणं तर मला मुळीच पटत नाही. ते सीटवर सरकतं, तापतं, आणि शॉर्ट्सच्या पॅडखाली आणखी एक डळमळीत थर तयार करतं.

बधिरपणाची गोष्ट निराळी आहे, आणि ती थट्टेत घालवायची नाही. भार हाडांवरून सुटून मधल्या भागावर आला की तिथली प्युडेंडल नावाची नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. आधी मुंग्या, मग काहीच जाणवत नाही. "दुखत नाही, बरं झालं" असं वाटण्यातच धोका आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास केला, आणि दिवसभर सीटवर बसणाऱ्यांसाठी नाक नसलेल्या सीटची शिफारस केली. इतक्या टोकाला प्रत्येकाने जायची गरज नाही. पण बधिर होत असेल तर उत्तर सीटच्या रुंदीत, कलात आणि उंचीत शोधायचं. जास्त जाड पॅडने ते सुटत नाही, वाढू शकतं. सीटवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर डॉक्टरकडे जायचं, आणि तिथे "कंबरेत जरा..." असं मोघम न बोलता जागा सांगायची.

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, सायकल चालवणाऱ्यांची एक तक्रार सारखी ऐकू येते: रस्त्यावर चार तास काही होत नाही, घरात तासाभरात बूड बोलू लागतं. त्यात नवल नाही. रस्त्यावर खड्डा आला, सिग्नल सुटला, चढ लागला की माणूस नकळत उठतो. सायकल आपल्याखाली थोडी झुलते, भार इकडून तिकडे जातो. ट्रेनरवर ती खिळलेली असते आणि वारा नसल्यामुळे घाम तिथेच मुरतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पायडल मारणं आणि समोर पंखा, यापुढे कुठल्याही महाग शॉर्ट्सची मात्रा चालत नाही. बाहेरही मी हेच करते, उतार लागला की सीटवरून उठायचं.

क्रीम लावावं की नाही, यावर मी वाद घालत नाही. दोन तासांच्या फेरीला गरज नाही. दिवसभराला किंवा पावसात भिजायचं असेल तर लावावं, थेट कातडीवर, जिथे काचतं तिथे. मेन्थॉल असलेलं आधी मनगटावर लावून बघा, सगळ्यांना ती झोंबणारी थंडी आवडत नाही. पेट्रोलियम जेली चालते, पण ती कापडातून सहजी निघत नाही.

धुण्याला मात्र मी देवपूजेइतका वेळ देते. घरी आलं की गप्पा नंतर, शॉर्ट्स आधी उतरवायची. ओल्या पॅडमध्ये बसून फोटो चाळत राहण्यात केसतोडाची निम्मी तयारी होते. उतरवलेली शॉर्ट्स उलटी धरून बघा. पॅडच्या कडेने मिठाची पांढुरकी नागमोडी रेघ उमटलेली असते, घाम कुठपर्यंत पसरला त्याचा नकाशाच. ती रेघ पाण्यात विरघळेपर्यंत बोटांनी चोळायची. गार पाणी, सौम्य साबण, आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नाही. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मग घाम शोषला जात नाही. पॅड पिळायचं नाही, तळव्यांत दाबून पाणी काढायचं. पिळलं की फोम आणि कापड यांची जोडणी सुटत जाते. वाळत घालताना पॅड बाहेर आणि सावलीत, ड्रायरच्या वाटेला जायचंच नाही. वरून कोरडं लागलेलं पॅड आत ओलं असतं, म्हणून दोन बोटांत धरून दाबून बघावं, गार लागलं तर अजून वेळ आहे. न धुता दुसऱ्या दिवशी तीच घालणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्याशी माझे संबंध चांगले आहेत, पण मी त्यांच्या मागे सायकल चालवत नाही.

मागे चालवण्यावरून आठवलं. शॉर्ट्स संपली हे घालणाऱ्यालाच सगळ्यात शेवटी कळतं. लायक्रा विरत जाते, आणि वाकल्यावर मागचं कापड जाळीसारखं पारदर्शक होतं. वर्षातून एकदा ती हातावर ताणून उजेडासमोर धरावी. बोटं दिसली की तिला निरोप द्यायचा. पॅडचंही तसंच, दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर फोम मेला.

एवढं करूनही फोड आला, तर काही दिवस सायकल बाजूला ठेवणं हाच इलाज. कोरडं ठेवायचं, सैल सुती घालायचं, फोडायचं नाही, दाबून पू काढायचा नाही. लाली पसरत असेल, ताप आला असेल किंवा आत खोल घट्ट गाठ लागत असेल, तर दवाखाना गाठायचा. जांघेचे केस काढायची सवय असेल तर ती या दिवसांत थांबवा. वस्तऱ्याने कापलेला केस आत वळून वाढतो आणि त्याच जागी पुन्हा केसतोड होतो.

सध्या माझी एक शॉर्ट्स उजेडाच्या परीक्षेत नापास झाली आहे. समोर 600 किलोमीटरची ब्रेव्हे आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. 40 तासांची मुदत. एवढ्या अंतराला नवी शॉर्ट्स थेट घालायची नाही, हे पक्कं. निदान दोन-तीन मध्यम राइड तिच्यावर आधी व्हायला हव्यात, म्हणजे आता निवडायलाच हवी. दोन समोर आहेत. एकीचं पॅड घट्ट, माझ्या बसण्याला अगदी जुळणारं, पण बिबचे पट्टे पूर्ण उतरवल्याशिवाय काही होत नाही. दुसरी मागून सहज खाली ओढता येते, पण पॅडच्या डाव्या कडेला बोट जरासं अडतं. दोन्ही उलट्या करून पलंगावर टाकल्या आहेत, येता-जाता दाबून बघते. भाचा म्हणतो, दोन्ही घे, मधल्या मुक्कामाला बदल. दोन जोड्या बॅगेत वागवायच्या म्हणजे वजन वाढलं, आणि वजनावरून तर आम्ही सगळे ग्रॅम ग्रॅम भांडतो. तरी त्याचं म्हणणं पटायला लागलंय. रात्री थांबल्यावर कोरडी शॉर्ट्स अंगात चढवायला मिळणार असेल, तर ते ओझं मी खुशीने वाहीन. फक्त कुठली आधी घालायची आणि कुठली नंतर, ते अजून ठरत नाहीये.